जळते काय आणि वितळते काय?

वीस वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हाताने खोडलेल्या एका उत्तराची हकीकत सांगून आजच्या भाषणाला आरंभ करते. सातवीच्या वर्गाची चाचणी होती. कागदावर दोन रकाने आखून दिलेले होते, एक भौतिक बदलांचा आणि दुसरा रासायनिक बदलांचा. बर्फ वितळणे, लोखंड गंजणे, पाण्यात साखर विरघळणे, मेणबत्ती जळणे, अशी यादी खाली होती आणि मुलांनी प्रत्येक गोष्ट आपापल्या रकान्यात बसवावयाची होती. एका मुलाने मेणबत्ती दोन्ही रकान्यांत लिहिली. मी तिच्यावर तांबडी रेघ ओढली आणि गुण कापला.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा मधल्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात डब्याचे एक पत्र्याचे झाकण होते आणि त्यावर ओघळून घट्ट झालेले मेण होते. "बाई, काल रात्री दिवे गेले तेव्हा आईने ही मेणबत्ती लावली होती. हे मेण जळलेले नाही, नुसतेच वितळले. ह्याची पुन्हा मेणबत्ती होईल. मग माझे उत्तर चूक कसे?" मी म्हणाले, "पुस्तकात रासायनिक बदल असे दिले आहे. परीक्षेत तेच लिहावयाचे." तो काही बोलला नाही. झाकण घेऊन निघून गेला.

त्या मुलाचे बरोबर होते. किती बरोबर होते, हे मला पुढे एका जुन्या पुस्तकाने शिकविले. ते पुस्तक लंडनमध्ये १८६१ साली निघाले आणि त्याचा सगळा विषय एक मेणबत्ती एवढाच आहे. त्यातील सहा व्याख्याने मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८६० च्या नाताळात रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत मुलांपुढे दिली. परंतु फॅरडेपर्यंत पोहोचण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे, कारण 'जळणे म्हणजे काय' हा प्रश्न त्याच्या जन्मापूर्वीच शंभर वर्षे विद्वानांना छळीत होता.

अठराव्या शतकात बहुतेक रसायनज्ञांची अशी समजूत होती की, जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात 'फ्लॉजिस्टन' नावाचे एक तत्त्व असते आणि पदार्थ जळतो तेव्हा ते तत्त्व त्यातून निघून जाते. जर्मनीतील स्टाल याने ही कल्पना रूढ केली. मेणबत्तीकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर ही समजूत अगदी पटण्याजोगी आहे. मेणबत्ती झिजते, आखूड होते आणि शेवटी नाहीशी होते. तिच्यातून काहीतरी निघून गेले, असेच कोणीही म्हणेल. फ्रान्समधील लाव्हाझिये याने तराजू हाती घेतला आणि हे सारे उलटे करून दाखविले. जळताना पदार्थातून काही निघून जात नाही, तर हवेतील एक भाग त्याला येऊन मिळतो. त्या भागाला आपण प्राणवायू म्हणतो. इंग्लंडमध्ये प्रीस्टले याने १७७४ साली तो वेगळा काढला होता, पण त्याचा खरा अर्थ लाव्हाझियेच्या हाती लागला. आजच्या मेणबत्तीचा हिशेब मांडावयाचा तर दहा ग्रॅम मेण जळताना हवेतून सुमारे चौतीस ग्रॅम प्राणवायू घेते. त्यातून एकतीस ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वायू आणि तेरा ग्रॅमच्या आसपास पाणी तयार होते. मेणबत्ती नाहीशी होते खरी, पण तिच्यापासून झालेल्या वस्तूंचे वजन तिच्या चौपटीहून अधिक भरते! लाव्हाझियेला पुढे १७९४ च्या मे महिन्यात राज्यक्रांतीच्या धामधुमीत गिलोटिनखाली मरण आले. त्याचा तराजू मात्र रसायनशास्त्राने सोडला नाही.

आता मेणबत्तीच्या द्रव्याविषयी दोन शब्द. ज्याला आपण सरसकट मेण म्हणतो ते त्या काळी श्रीमंतांच्या आणि चर्चच्या वाट्याला येई. मधमाश्यांचे मेण महाग होते. गोरगरिबांच्या घरी जनावरांच्या चरबीच्या बत्त्या असत. त्या धूर करीत, त्यांना वास येई, हाताच्या उबेने त्या मऊ पडत आणि वातीचे जळके टोक दर थोड्या वेळाने कात्रीने छाटावे लागे. न छाटल्यास ज्योत काळवंडे. ही दशा पालटली ती शव्हरल या फ्रेंच रसायनज्ञामुळे. चरबीवर चुन्याची क्रिया करून तिचा साबण बनवावयाचा, मग त्यावर गंधकाम्ल घालून त्यातील स्निग्धाम्ले मोकळी करावयाची. येथवर सारे रासायनिक. त्यानंतर ते मिश्रण गार करून दाबयंत्रात पिळावयाचे, म्हणजे पातळ भाग निथळून जातो आणि कठीण, पांढरेशुभ्र स्टिअरिन मागे उरते. हे केवळ भौतिक. शव्हरलने आपले संशोधन १८२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि दोन वर्षांनी गे-ल्युसाकबरोबर मेणबत्तीचे पेटंट घेतले. त्याच सुमारास कांबासेरेस याने पिळाच्या वातीऐवजी वेणीसारखी गुंफलेली वात काढली. ही वात जळताना आपोआप वाकते. तिचे टोक ज्योतीच्या बाहेरच्या कडेला येते, तेथे प्राणवायू भरपूर असल्याने ते जळून राख होते आणि कात्रीची गरजच उरत नाही. मला या साऱ्या इतिहासात ही वाकडी वात फार आवडते. एवढ्याशा विणीने घरोघरची एक कटकट संपली, आणि आज तिची कोणाला आठवणही नाही.

फॅरडे हा लोहाराचा मुलगा. जन्म १७९१ चा. शाळेत तो फारसा गेला नाही. चौदाव्या वर्षी एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीला राहिला आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचीत गेला. त्यांतच जेन मार्सेट या बाईंनी संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक त्याला मिळाले आणि त्याच्या आयुष्याला वळण लागले. पुढे १८१२ साली त्याने सर हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे सुबक बांधून डेव्हीकडे पाठविली आणि १८१३ च्या मार्च महिन्यात तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून लागला. मुलांसाठी नाताळातील व्याख्याने त्या संस्थेने १८२५ पासून सुरू केली होती. फॅरडेने त्यांच्या एकोणीस मालिका दिल्या. मेणबत्तीचा विषय त्याने प्रथम १८४८ साली घेतला होता आणि १८६० साली तोच पुन्हा घेतला. नव्याची हौस नव्हती म्हणून नव्हे, तर याहून भरलेला विषय त्याला दुसरा दिसला नाही म्हणून.

त्या मेजावर त्याने मांडलेल्या वस्तूंत एक चरबीची बत्ती होती. 'रॉयल जॉर्ज' नावाचे लढाऊ जहाज १७८२ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडाले होते आणि सत्तावन्न वर्षांनी पाणबुड्यांनी त्यातील वस्तू वर काढल्या. त्यांतली ही बत्ती. खाऱ्या पाण्यात राहून ती तडकली, फुटली होती. पेटविल्यावर मात्र ती नीट जळू लागली आणि वितळलेली चरबी पुन्हा पहिल्यासारखी झाली. आकार मोडला, द्रव्य शाबूत राहिले. भौतिक बदल म्हणजे काय हे सांगावयास याहून चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. मेणबत्ती लावली की प्रथम काय होते? ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळते. परंतु ते भळाभळा वाहून का जात नाही? तापलेली हवा वर जाते, तिची जागा घेण्यास खालून गार हवा मेणबत्तीच्या अंगाला घासून वर येते आणि कडेचे मेण थंड ठेवते. मधले वितळते, कडेचे टिकते, आणि आपोआप एक वाटी तयार होते. वाऱ्याच्या झोताने एक बाजू अधिक तापली की वाटीची कड फुटते व मेण ओघळते. झाकणावर जमते ते हेच. मग वाटीतील मेण वातीतून वर चढते. ते कसे चढते, हे फॅरडेने मिठाच्या एका खांबाने दाखविले. बशीत मिठाचा उभा खांब ठेवून भोवती मिठाचेच निळे रंगविलेले पाणी ओतले. ते पाणी कणाकणांच्या फटींतून वर चढत खांबाच्या माथ्यापर्यंत गेले. यालाच आपण केशाकर्षण म्हणतो. आपल्या समईतही तेल वातीच्या धाग्यांतून वर येते ते याच बळावर. थंडीत खोबरेल गोठले म्हणजे समई लागत नाही, हे आपल्या आयांना पुस्तकाविना ठाऊक होते. चोवीस अंशांच्या खाली खोबरेल थिजते आणि थिजलेले तेल वातीत चढत नाही.

वातीच्या टोकाशी पोहोचलेले मेण द्रवरूपात जळत नाही. तेथे त्याची वाफ होते, आणि जळते ती वाफ. येथवर सारे भौतिक होते: घनाचा द्रव, द्रवाची वाफ. याची खूण घरी सहज पाहता येते. स्थिर हवेत मेणबत्ती हळूच विझवा. वातीतून पांढरट धुराची रेघ वर जाऊ लागेल. वातीला स्पर्श न करता दोनतीन इंचांवर त्या रेघेलाच पेटती काडी लावा. ज्वाला त्या रेघेवरून खाली धावत येऊन वात पेटवील. फॅरडेने तर एक वाकडी काचेची नळी ज्योतीच्या मधल्या काळसर भागात धरली आणि तेथील वाफ नळीवाटे बाहेर आणून दुसऱ्या टोकाशी पेटवून दाखविली. म्हणजे ज्योतीच्या पोटात आग नाही, न जळलेले मेणच आहे! एखादा कागद क्षणभर ज्योतीत आडवा धरून काढला, तर त्यावर करपलेले कडे उमटते आणि मधली जागा तशीच राहते, तेही यामुळेच.

रासायनिक बदल होतो तो या वाफेच्या कडेला, जेथे तिला हवेतील प्राणवायू भेटतो. तेथे मेणातील हायड्रोजनचे पाणी होते. बर्फ व मीठ घातलेले भांडे ज्योतीवर धरून फॅरडेने त्याच्या बुडाशी पाण्याचे थेंब जमविले आणि त्यांच्यावर पोटॅशियमचा तुकडा टाकून तो पेटताच, हे खरोखर पाणीच आहे असे मुलांना पटविले. मेणातील कर्बाचा कार्बन डायऑक्साइड होतो; चुन्याची निवळी त्याने दुधाळते. पण कर्ब सगळाच एकदम जळत नाही. क्षणभर त्याचे बारीक कण मोकळे होतात, उष्णतेने पिवळेधमक तळपतात आणि कडेला येऊन जळतात. आपल्याला मिळणारा प्रकाश हा त्या तापलेल्या काजळीचा प्रकाश आहे, हे डेव्हीने आधीच ओळखले होते. आमच्या शेजारच्या काकी तुपाच्या दिव्यावर तांब्याचे ताट उपडे धरून काजळ पाडीत, तेव्हा त्या हाच कर्ब जळण्यापूर्वी पकडीत होत्या. लहानपणी ते काजळ माझ्याही डोळ्यांत त्यांनी घातलेले आहे.

आता ही साखळी पाहा. वितळले नाही तर चढत नाही. चढले नाही तर वाफ होत नाही. वाफ झाली नाही तर जळत नाही. आणि जळाले नाही तर वितळविण्यास उष्णता कोठून येणार? रासायनिक बदल भौतिक बदलाला उष्णता पुरवितो आणि भौतिक बदल रासायनिक बदलाला इंधन पुरवितो. यांतला एक आधी आणि दुसरा मागून, असेही म्हणता येत नाही. फुंकर मारून आपण ज्योत विझवितो तेव्हा मेण संपलेले नसते की प्राणवायूही संपलेला नसतो. आपण ती पेटलेली वाफ वातीपासून दूर सारतो आणि उष्णता कमी करतो, एवढेच. साखळीचा एक दुवा भौतिक रीतीने तोडला की रासायनिक क्रिया जागच्या जागी थांबते.

हे सारे केवळ नाताळातील गंमत म्हणून घेऊ नये. फॅरडेच्या उमेदवारीच्या काळात याच ज्ञानावर माणसांचे जीव अवलंबून होते. इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत एक ज्वालाग्राही वायू साठत असे आणि खाणकाम्यांच्या उघड्या बत्तीने त्याचा स्फोट होत असे. फेलिंग येथील खाणीत २५ मे १८१२ रोजी अशा स्फोटात ब्याण्णव माणसे व मुले दगावली. डेव्हीने १८१५ च्या अखेरीस यावर उपाय काढला आणि त्या कामी तरुण फॅरडे त्याच्या हाताशी होता. उपाय असा की, ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवावयाची, एका चौरस इंचात ७८४ छिद्रे असलेली. वायू जाळीतून आत शिरतो आणि आत जळतोही. पण जळती ज्वाला बाहेर येऊ लागली की धातूची जाळी तिची उष्णता शोषून पसरविते आणि बाहेरच्या वायूला पेटण्याइतकी उष्णता पोहोचतच नाही. वायूचे रासायनिक गुण डेव्हीने बदलले नाहीत. ते कोणाला बदलता येत नाहीत. त्याने फक्त उष्णतेची वाट अडविली. जॉर्ज स्टीफन्सननेही त्याच वर्षी आपला खाणीचा दिवा बनविला होता आणि श्रेयाचा वाद पुष्कळ रंगला, पण तो आपल्या विषयाबाहेरचा आहे.

दिवा आला म्हणून स्फोट थांबले नाहीत. हॅसवेल येथील खाणीत २८ सप्टेंबर १८४४ रोजी पंचाण्णव जण मृत्युमुखी पडले आणि चौकशीसाठी सरकारने फॅरडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ लायेल यांना पाठविले. लायेलने आपल्या आठवणीत एक प्रसंग सांगितला आहे. खाणीत पाहणी चालू असताना फॅरडेला एका पोत्यावर बसविले होते आणि आसपास उघड्या बत्त्या जळत होत्या. सुरुंगाची दारू कोठे ठेवता, असे त्याने विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, आपण बसला आहात त्याच पोत्यात! फॅरडे कसा उसळून उठला असेल आणि त्याने काय काय सुनावले असेल, ह्याची कल्पना आपण करू शकतो. मुलांना मी हा प्रसंग सांगते तेव्हा वर्ग हसतो. मग पंचाण्णव हा आकडा फळ्यावर लिहिते, आणि वर्ग गप्प होतो.

त्या खाणीत फॅरडे व लायेल यांच्या डोळ्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. लाकडी खांबांवर कोळशाच्या धुळीची अर्धवट जळून घट्ट झालेली पुटे बसली होती. म्हणजे केवळ वायू जळाला नव्हता. स्फोटाने उधळलेली कोळशाची धूळही पेटली होती आणि तिने आग पुढे पुढे नेली होती. कोळशाचा गोळा चुलीत तासभर धुमसत राहतो. तोच कोळसा कुटून वस्त्रगाळ केला आणि हवेत उधळला, तर प्रत्येक कणाला सर्व बाजूंनी प्राणवायू मिळतो आणि सगळा कोळसा एका क्षणात जळतो. कुटणे हा निव्वळ भौतिक बदल; कुटलेला कोळसा कोळसाच असतो. पण त्या भौतिक बदलाने रासायनिक क्रियेचा वेग असा पालटतो की चुलीचा सुरुंग होतो. खाणीच्या रिकाम्या पोकळ्यांतून हवा खेळवावी, ही त्या दोघांची सूचना खाणमालकांनी अव्यवहार्य ठरविली, आणि धुळीसंबंधीचे त्यांचे म्हणणे कित्येक दशके बहुतेकांनी मनावर घेतले नाही. फ्रान्समधील कूरियेर येथे १९०६ च्या मार्च महिन्यात धुळीच्या स्फोटाने एक हजार नव्याण्णव जीव घेतले. त्यानंतर मात्र खाणींतून दगडाची भुकटी पसरून कोळशाच्या धुळीची आग अडविण्याची पद्धत हळूहळू रुळली. दगडाची भुकटी स्वतः पेटत नाही, उष्णता तेवढी खाऊन टाकते. डेव्हीच्या जाळीचीच ही दुसरी तऱ्हा म्हणावयाची.

फॅरडेचे शेवटचे व्याख्यान माणसाच्या श्वासावर होते. आपण श्वासावाटे प्राणवायू घेतो आणि चुन्याची निवळी दुधाळविणारा तोच वायू बाहेर टाकतो. माणूस दिवसभरात सात औंस कर्ब अशा रीतीने जाळतो, दुभती गाय सत्तर औंस आणि घोडा एकोणऐंशी औंस, असे आकडे त्याने मुलांना दिले. श्वासाचे हे मंद जळणे लाव्हाझियेने लाप्लासच्या साह्याने एका गिनीपिगला बर्फाच्या कोठीत ठेवून, किती बर्फ वितळले ते मोजून पडताळले होते. येथेही तेच: रासायनिक क्रिया मोजली ती वितळलेल्या पाण्याच्या वजनाने.

ती मालिका फॅरडेची नाताळातील अखेरची ठरली. त्याची स्मरणशक्ती त्या वेळी ढासळू लागली होती. विल्यम क्रुक्स याने व्याख्यानांचे पुस्तक सिद्ध केले, आणि १८६७ साली फॅरडे वारला. त्याच्या मेणबत्तीला पुढे काय काय पाहावयाचे होते! १९९२ साली अमेरिकेच्या 'कोलंबिया' यानात आणि १९९६ साली रशियाच्या 'मीर' स्थानकात शास्त्रज्ञांनी मेणबत्त्या लावून पाहिल्या. तेथे वजन नसल्याने तापलेली हवा वर जात नाही आणि खालून गार हवा येत नाही. ज्योत लांबोडी न होता घुमटासारखी गोल आणि निळसर राहिली. प्राणवायू तिच्याकडे अगदी सावकाश झिरपत येई. मेण तेच, वात तीच, रासायनिक क्रियाही मुळात तीच. एक हवेचा प्रवाह नाहीसा झाला आणि फॅरडेने वर्णिलेली उभी पिवळी ज्योत दिसेना.

माझ्या त्या विद्यार्थ्याला कापलेला गुण परत देण्याची वेळ केव्हाच निघून गेली. गेली बरीच वर्षे मी मात्र चाचणीच्या कागदावर तिसरा रकाना आखीत आले आहे आणि त्यात काय लिहावे हे मुलांवर सोडते. मेणबत्ती आता सगळेच लिहितात. गेल्या वर्षी एका मुलीने 'भाकरी भाजणे' असे लिहिले आणि शेजारी कारण दिले की, पाण्याची वाफ होऊन भाकरी फुगते हे एक, आणि तिला डाग पडतात हे दुसरे. दुसऱ्या एकाने 'चुना भिजविणे' लिहिले. तिसऱ्याने लिहिले 'पाण्यात मीठ विरघळणे', आणि त्यावरून वर्गात जो वाद झाला तो तास संपल्याची घंटा झाली तरी मिटला नाही.